पायरी नऊ

तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथंच राहिलं. घरीदारी, कचेरीत, बसमध्ये, सगळीकडे ती तंद्रीच. वयाची चव्वेचाळीस वर्षं उलटली तरी हे नाव काही तिला सोडेना. आणि सोडेल कसं? एकदा वहिनी म्हणाली, "जरा दुधाकडे बघा हं, मी आलेच." वहिनी परत आली तेव्हा दूध ओट्यावरून खाली टपटप गळत होतं आणि ही बाई कट्ट्याला टेकून अगदी मन लावून ते बघत होती. वहिनीनं कपाळावर हात मारला. तंद्री म्हणाली, "बघा म्हणालात, बघत होते की!" वर हसली. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

लग्नाचंही तसंच झालं. दोन-तीन स्थळं आली, बोलणी झाली, हिचं लक्ष भलतीकडेच, आणि राहून गेलं ते गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. खाली दादा आणि वहिनी, वरच्या एका खोलीत ती. जिन्याला बारा पायऱ्या होत्या आणि सहावी करकरायची. ती आली-गेली की खाली आपोआप कळायचं.

नोकरी मात्र अशी होती की तिथं तंद्रीचं सोनं व्हावं. शहराच्या कडेला एक कारखाना होता. तिथं हॉस्पिटलांसाठी वाफेच्या मोठ्या पेट्या बनायच्या. ऑपरेशनची अवजारं त्यात ठेवायची, दार घट्ट लावायचं, वाफ सोडायची, जंतू खलास. फिटर लोक त्या पेटीला भट्टी म्हणत. भट्टी कशी उघडायची, दाराचं रबर कसं बदलायचं, बिघडली तर काय करायचं, याच्या सगळ्या पुस्तिका तंद्री लिही. तिसऱ्या मजल्यावर तिची खोली. खिडकीखाली कारखान्याचं पत्र्याचं छप्पर. दुपारी ऊन त्या पत्र्यावर आपटून वर यायचं आणि तिच्या छतावर पाण्यासारखं हलत राहायचं. लिहायची तिची एक रीत होती. आधी इंजिनियरचं चित्र बघायचं, मग डोळे मिटायचे आणि हवेतच काम करायचं. उजव्या हातानं नसलेला व्हॉल्व्ह फिरवायचा, डाव्या हातानं नसलेलं दार धरायचं. एखादी गोष्ट करताना हात अडखळला की तिला कळायचं, इथं एक पायरी राहिली. मग डोळे उघडून ती पायरी लिहायची. हिशेबखात्यात नवीन आलेल्या माणसानं दारातून हे पाहिलं आणि तो तस्सा मागं फिरला. कोणाला तरी म्हणाला, "वर एक बाई अंगात आल्यासारखं करतायत!" त्याला सांगितलं, "घाबरू नका, पुस्तिका लिहितायत."

दादा त्याच कारखान्यात फिटर. तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून तिला शाळेत सोडायचा आणि मधेच वेणी ओढून म्हणायचा, "जागी आहेस का, का पडलीस?" भट्टी उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता फिटर लोकांची एक गंमत सांगायला हवी. पुस्तिका कोणी वाचत नाही. वाचणं म्हणजे कमीपणा. हॉस्पिटलात दुरुस्तीला जाताना ती गाडीच्या डॅशबोर्डवर पडून असते, तिच्यावर चहाचे गोल डाग पडतात. दादा तेवढा वाचायचा. भट्टीसमोर स्टूल टाकायचा, चष्मा लावायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत वाचायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. बाकीचे चिडवायचे, "काय, बहिणीचं पत्र आलं का?"

"आलंय की," दादा म्हणायचा. "तुमच्या बहिणी लिहीत नाहीत त्याला मी काय करू?"

हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी ती घरी आली ती तरंगतच.

पुस्तिका ती मार्कडाउनमध्ये लिही. नाव अवघड, गोष्ट सोपी. साधा मजकूर लिहायचा आणि त्यात चार बारीक खुणा टाकायच्या. ओळीच्या आधी एक खूण टाकली की शीर्षक, दोन-दोन चांदण्यांमध्ये शब्द घातला की ठळक, आकडा आणि टिंब दिलं की पायऱ्यांची यादी. मग एक प्रोग्रॅम त्या मजकुराची देखणी पानं बनवून देई. त्या पायऱ्यांच्या यादीवर तर तिचा जीवच होता. मधली एक ओळ काढून टाकली की खालच्या पायऱ्या गुपचूप वर सरकत आणि आपापले आकडे बदलून घेत. तिकिटाच्या रांगेतून एक जण निघून गेला की मागचे न सांगता पुढे सरकतात, तसं. कधी कधी ती उगाचच एखादी ओळ काढायची, सरकलेल्या पायऱ्या बघायची आणि परत घालायची.

अशाच एका दुपारी, छतावर ऊन हलत असताना, नव्या मॉडेलच्या पुस्तिकेत तिनं दोन पायऱ्यांची एक केली. 'हातमोजे घाला' आणि 'चष्मा घाला' अशा त्या दोन होत्या. तिनं लिहिलं, 'हातमोजे आणि चष्मा घाला.' सुटसुटीत. खालच्या पायऱ्या वर सरकल्या. ती समाधानानं हसली आणि फाइल पाठवून दिली.

सव्वा महिन्यानं दादाचा हात भाजला.

एका हॉस्पिटलात नवीन भट्टीचं रबर बदलताना दार सैल केलं आणि आतली वाफ बाहेर आली. हातमोजे होते म्हणून बोटं वाचली, चष्मा होता म्हणून डोळे. मोज्याच्या वर आणि बाहीच्या खाली, मनगटापासून कोपरापर्यंत हात मात्र सोलून निघाला. चौकशी झाली. साहेबांनी पुस्तिका उघडून दाखवली. आधी वाफ सोडा, काटा शून्यावर येऊ द्या, मगच बोल्ट सैल करा, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. कागदावर ठपका आला: फिटरचं लक्ष नव्हतं. दादानं डाव्या हातानं सही केली. त्याचं वाफेचं कार्ड, म्हणजे भट्टी उघडायची परवानगी, काढून घेतलं. महिन्याभरानं समितीची बैठक होती. तिथं हा ठपका कायम झाला की कार्ड कायमचं गेलं, आणि निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं स्टोअरमध्ये बसून रबरी कड्या मोजायच्या. तोवरही त्याला तेच काम लावलं होतं.

कड्या मोजणं वाईट काम नाही हो. पण तीस वर्षं ज्यानं वाफेला वेसण घातली त्याला टेबलामागे बसवलं तर तो माणूस दिसायचा कसा? पाच वाजता घरी यायचा, खुर्चीत बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचा आणि ते हात कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे बघत राहायचा. वहिनी दोन वेळा विचारायची, चहा हवा का. तिसऱ्यांदा न विचारता आणून ठेवायची. चहा गार व्हायचा.

एका रविवारी वहिनी मटार सोलत होती आणि तंद्री तिच्यासमोर बसून टरफलं एका टोपलीत आणि दाणेही त्याच टोपलीत टाकत होती. वहिनीनं तिच्या हातातून टोपली काढून घेतली. "तुम्ही नका बाई मदत करू. त्यापेक्षा ह्यांची पिशवी रिकामी करा, धुवायची आहे. तशीच पडलीये हॉस्पिटलातून आल्यापासून."

पिशवीत पाना होता, चिंध्या होत्या, आणि नव्या मॉडेलच्या पुस्तिकेचं पान होतं. वाफेनं भिजून मग वाळलेलं, कडक झालेलं. ती ते वाचू लागली. आपलंच लिखाण, सवयीनं डोळे मिटले, हात हवेत गेले. वीज बंद. पाणी बंद. आठवी पायरी, वाफ सोडायचा व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. नववी, दाराचे चारही बोल्ट अर्धा आटा सैल करा. सगळं बरोबर. डोळे उघडले. पानाच्या तळाशी 'अडचण आली तर' असा चौकोन होता. त्यात एक ओळ: 'पिवळा दिवा पुन्हा लागला, तर आत वाफ साठली आहे. पायरी ९ पासून पुन्हा करा.'

तिचे हात हवेतच राहिले.

वाफ सोडणं आधी नववी पायरी होती. हातमोजे आणि चष्मा एक झाले, यादी एकानं वर सरकली आणि वाफ सोडणं आठवी झाली. यादीतले आकडे आपोआप बदलले. चौकोनातला नऊ तिनं हातानं लिहिलेला होता, वाक्याच्या पोटात. तो कोण बदलणार? तो तिथंच बसून राहिला आणि आता बोल्टांकडे बोट दाखवत होता. आत वाफ साठली आहे, बोल्ट सैल करा. असं तिनं लिहिलं होतं. स्वतःच्या सख्ख्या भावाला.

दादा पुढच्या खोलीत होता. ती पान घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं पान पाहिलं आणि मान वळवली.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली.

"हॉस्पिटलातल्या खाटेवरच वाचलं परत. काम काय होतं दुसरं."

"पण तुला इतकी वर्षं झाली दादा! दिवा लागला म्हणजे वाफ आहे, हे तुला झोपेतही कळतं. मग बोल्टाला हात कसा लावलास?"

"हात नकोच म्हणत होता," दादा म्हणाला. "पण मॉडेल नवीन, आणि कागद तुझा. म्हटलं, हिनं लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल."

तंद्री मटकन खाली बसली. आतून वहिनीनं विचारलं, काय पडलं?

"आणि हे बघ," दादानं आवाज खाली आणला, "तू आता गप्प बसायचं. माझं काय, सहा वर्षं राहिली, कड्या मोजीन. तुझी नोकरी गेली तर तुला बाहेर कोण ठेवून घेणार? हवेत हात फिरवणारी बाई!" तो हसायला गेला आणि ते काही जमलं नाही.

ती सोमवारी साहेबांकडे जाणार होती. जिन्यापर्यंत गेलीही. मग थांबली. साहेब म्हणतील, बहीण भावाला वाचवायला बघतेय, दुसरं काय. आणि समजा पटलं, हा नऊ खोडून आठ केला, तरी उद्या दुसरी कुठली पायरी सरकेल, दुसरा कुठला आकडा मागं राहील, आणि दुसऱ्या कोणाचा तरी दादा स्टुलावर बसून ते वाचत असेल. म्हणून ती साहेबांकडे न जाता कोपऱ्यातल्या बाईंकडे गेली.

कोपऱ्यातल्या बाई म्हणजे कारखान्याच्या प्रोग्रामर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि तो दुसरा कुठे गेला म्हणून दिवसभर शोधाशोध. मजकुराची पानं बनवणारा तो प्रोग्रॅम त्यांच्याच ताब्यात. त्यांनी सगळं ऐकलं आणि शेवटी खेकसल्या, "पण आकडा हातानं लिहायचाच कशाला? मोजायचं काम यंत्राचं! तुला कोणी सांगितलं होतं मोजायला?"

"मग काय लिहू?"

"नाव लिही. पायरीला नाव दे. 'वाफ-सोड' म्हण. खाली कुठं त्या पायरीकडे पाठवायचं असेल तर तेच नाव लिही. त्या नावाच्या जागी त्या दिवशी जो आकडा असेल तो घालणारं एक प्लगिन बनवायचं."

"बनवाल?"

"मी? मला वेळ आहे होय! तू बनव. मी शिव्या देईन, तेवढं करते."

प्लगिन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमच्या अंगाला जोडायचा छोटा तुकडा. पानं बनवता बनवता मधेच आपलं एक काम करून घेणारा. तंद्रीनं जन्मात प्रोग्रॅमची ओळ लिहिली नव्हती. पण बाईंनी तिला एक गोष्ट सांगितली आणि तिचं भानच हरपलं. बाई म्हणाल्या, "तुला मजकूर वरून खाली दिसतो ना? यंत्राला तो झाडासारखा दिसतो. अख्खी पुस्तिका म्हणजे बुंधा. शीर्षकं म्हणजे फांद्या. यादी ही एक फांदी, तिला पायऱ्यांच्या डहाळ्या, आणि टोकाला शब्द. तुझ्या प्लगिननं त्या झाडावर चढायचं आणि एकेक डहाळी बघत उतरायचं."

झालं! पुढचे तीन आठवडे तंद्री त्या झाडावरच राहायला गेली म्हणा ना. दुपारच्या सुट्टीत एका हातात डबा, दुसऱ्या हातानं टाइप करणं. बसमध्ये बसली की समोरच्या माणसांच्याही तिला फांद्या दिसायच्या. आजोबांच्या फांदीला सून, सुनेच्या फांदीला दोन मुली, धाकटीच्या हातात फुगा, ती शेवटची डहाळी. सकाळी लवकर जाग यायची, खिडकीत उजेड नुसता राखाडी असायचा, आणि ती अंथरुणात पडल्या पडल्या मनानं वर चढायची. एखाद्या फांदीवर पाय ठेवताना वाटायचं, खाली दादा सायकल धरून उभा आहे, विचारतोय, जागी आहेस का? मग ती दचकून उठायची आणि उशीखालच्या वहीत एक ओळ लिहायची. खोटं कशाला बोला, ते दिवस तिला गोड गेले. आणि गोड जातात याचीच तिला शरम वाटायची. खाली तो गार चहा पुढे घेऊन बसलेला असायचा आणि इथं हिला झाडं दिसत होती.

प्लगिन काही पहिल्या फटक्यात सरळ चाललं नाही. पहिल्यांदा त्यानं झाडावर एकच फेरी मारली. पायरी यायच्या आधीच तिचं नाव कुठं आलं तर बिचारं गोंधळायचं आणि पानावर छापायचं, 'पायरी कुठे?' बाई म्हणाल्या, "दोन फेऱ्या मार. पहिल्या फेरीत नुसतं मोजून वहीत लिहून ठेव, दुसऱ्या फेरीत भर." ते केलं, तर त्यानं पायरीच्या पोटातल्या उपपायऱ्याही मोजल्या आणि भट्टीच्या पुस्तिकेत 'पायरी १४७ पासून पुन्हा करा' असं आलं. बाई इतक्या हसल्या की डोक्यावरचा चष्मा खाली पडला, आणि तोच हरवलेला निघाला. म्हणाल्या, "चढ गं बाई, एवढ्या पायऱ्या देवळाच्या नाही तर डोंगराच्या असतील!" तिसऱ्या आठवड्यात ते नीट मोजायला लागलं. मग तिनं त्यात शेवटचा नियम घातला. कोणी 'पायरी' या शब्दापुढे हातानं आकडा लिहिलेला दिसला की प्लगिन अडून बसेल. पान बनवणारच नाही. फक्त एवढं सांगेल: 'आकडा हाताने लिहू नका. पायरीचं नाव लिहा.'

कारखान्याच्या सगळ्या मिळून त्रेसष्ट पुस्तिका होत्या. तिनं त्या एकामागून एक प्लगिनपुढे ठेवल्या. जवळजवळ सगळ्यांपुढे ते अडलं. मग दोघींनी बसून एकेक आकडा जुन्या यादीशी ताडून पाहिला. एकेचाळीस ठिकाणी आकडा चुकीच्या पायरीकडे बोट दाखवत होता. काही तिच्या हातचे, काही तिच्या आधी जे लिहायचे त्यांच्या हातचे. बहुतेक निरुपद्रवी. चार मात्र तसे नव्हते.

बाई नेहमीचा खेकसणारा आवाज सोडून म्हणाल्या, "ऐक. दोन दिवसांत सगळ्या दुरुस्त होतील. नवीन आवृत्ती म्हणून पाठवून देऊ. इथून पुढं कोणाला इजा होणार नाही. जुनं कोण उकरून बघतंय? तुझा भाऊही तेच म्हणतोय ना?"

त्या संध्याकाळी बस शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली तेव्हा तंद्रीला कळलं की आपलं घर कधीच मागं गेलं. ड्रायव्हर इंजिन बंद करून उतरला. रिकाम्या बसमध्ये ती एकटी. बाहेर कुंपणापलीकडे मोकळं मैदान होतं आणि त्यावर मावळतीचं ऊन पसरलं होतं, इतकं मऊ की सगळं सोडून नुसतं बघत बसावं. तिला वाटलं, बाई म्हणतात ते खरंय. पुढचे सगळे वाचतील. दादाही काही म्हणत नाही. आपण गप्प राहिलो तर ही सगळी गोष्ट एखाद्या ओळीसारखी निघून जाईल आणि खालची आयुष्यं न सांगता वर सरकतील. आणि मग तिला त्याचा तो हसायला गेलेला चेहरा दिसला. तिला इतका राग आला, स्वतःचा, की ती रिकाम्या बसमध्ये मोठ्यानं म्हणाली, "मेले, आता तरी जागी हो!" ड्रायव्हर बाहेरून म्हणाला, "मला काही म्हणालात का?"

दुसऱ्या दिवशी तिनं प्लगिनला आणखी एक काम शिकवलं. जिथं आकडा चुकीचा सापडला त्या पानाच्या तळाशी जुन्या नोंदींवरून आपोआप एक चौकट यायची: या पानात आधी काय चुकलं होतं, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या हातून. पहिलंच पान नव्या मॉडेलचं आलं आणि त्या चौकटीत तिचं नाव होतं, हजेरीपटातलं, पूर्ण. ते पान छापून, दादाच्या पिशवीतल्या कडक पानासोबत, तिनं समितीपुढे ठेवलं.

साहेबांनी दोन्ही पानं वाचली. परत वाचली.

"म्हणजे फिटरनं पुस्तिकेप्रमाणेच केलं?"

"अक्षरन् अक्षर," ती म्हणाली. "सगळ्या कारखान्यात तो एकटाच वाचतो. बाकीचे वाचत नाहीत म्हणून वाचले."

दादाला बोलावलं. तो आला, टेबलावरचं पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. साहेबांनी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर सही का केलीत? तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "डाव्या हाताची सही होती साहेब, फार धरू नका."

ठपका निघाला. कार्ड परत मिळालं. तंद्रीला लेखी ताकीद आली आणि वर्षभरासाठी बढती थांबली. शिवाय एकेचाळीस चुका आणि प्लगिन, दोन्हींची चर्चा तीन मजल्यांवर झाली. ते सगळं ती सहन करू शकली. सहन होईना ते एकच, दादा तिच्याशी बोलेना. जिन्याची सहावी पायरी करकरली की तो वर्तमानपत्र उघडायचा. वहिनी मधल्यामधे निरोप्या झाली होती. "ते म्हणतायत, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" "त्याला सांगा, कोणीच नाही." दहा-बारा दिवस असेच गेले. भट्टीची नवी पानं गाडीत गेली, पण तो ती वाचतो की नाही, हे विचारायची तिची छाती होईना. तिला मनातून वाटायचं, नाही वाचणार. कोण वाचेल? आपण असतो तर वाचलं असतं का?

मग एका सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी बोलतोय," दादा म्हणाला. मागं हॉस्पिटलातली ढकलगाडी खडखडत गेली. "पिवळा दिवा लागलाय परत."

"कुठलं मॉडेल?"

"नवीनच. तुझा कागद समोर आहे. लिहिलंय, पायरी आठपासून पुन्हा करा. आठवीत लिहिलंय, व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. उघडलाय. थांबलोय."

फोनमधून बारीक आवाज येत होता. हिस्स, लांबलचक. ती कानाला रिसीव्हर दाबून बसली. दादा थांबला होता आणि थांबल्या थांबल्या बोलत होता, बारा दिवसांचं साठलेलं. वहिनीचा गुडघा दुखतोय, ती सांगत नाही, तू डॉक्टरकडे घेऊन जा. जिन्याची ती पायरी बसवून घ्यायला हवी. स्टोअरमध्ये कड्या मोजताना दोनशेनंतर झोप यायची गं, तू कशी मोजतेस इतकं? "मी नाही मोजत," ती म्हणाली, "यंत्र मोजतं." "तेच तर," तो म्हणाला. आवाज हळूहळू कमी झाला. मग राहिलाच नाही.

"शून्य झाला काटा," दादा म्हणाला. "आता नववी आहे."

तिला माहीत होतं नववी काय आहे. तिनंच लिहिली होती.

"बोल."

"लिहिलंय ना दादा त्यात."

"लिहिलेलं मागंही होतं. आता तोंडानं बोल. मी पाना लावून उभा आहे."

तिनं मनात सगळं पहिल्यापासून केलं. वीज, पाणी, मोजे, चष्मा, व्हॉल्व्ह, काटा. एकदा केलं. परत एकदा केलं. पलीकडे तो वाट बघत होता, घाई न करता.

"काटा परत बघ," ती म्हणाली.

"शून्य."

"दिवा?"

"विझलाय."

"मग सैल कर. अर्धाच आटा."

धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन. चौथ्या बोल्टाला वेळ लागला. मग काहीच आवाज येईना.

"उघडलं," दादा म्हणाला. "गार आहे आत." आणि मग, बाजूला कोणीतरी काहीतरी विचारल्यावर, त्याला म्हणाला, "बहीण आहे माझी. पुस्तिका तीच लिहिते."